सरावाची घंटा

आमच्या सोसायटीत पाणी आलं की घंटा वाजते, आणि ती घंटा मी बनवलेली आहे! म्हणजे पितळेची वगैरे नाही हं. फोनवरची. गेटवर बापूराव वॉचमन आपल्या फोनवरचं निळं बटण दाबतात, आणि सगळ्या विंगमधल्या सगळ्या घरांत एकदम टणटणटण होतं. खाली अक्षरं येतात, 'पाणी सुटलं, भरून घ्या.'

वाघोलीत राहणाऱ्यांना यातलं महत्त्व सांगावं लागत नाही. बाकीच्या पुणेकरांसाठी सांगते. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, टँकर नगर रोडच्या ट्रॅफिकच्या मर्जीने येतो, आणि खालच्या टाकीतून वर सोडलेलं पाणी नळाला जेमतेम अर्धा तास टिकतं. त्या वेळी तुम्ही झोपलेले आहात की केसांना शांपू लावून बसलेले आहात, याच्याशी नळाला काही देणंघेणं नसतं.

पूर्वी बापूराव शिट्टी वाजवायचे. सातव्या मजल्यावर ती ऐकूच जायची नाही, आणि पहिल्या मजल्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी लोक बादल्या घेऊन धावायचे. म्हणून आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ॲप केलं. 'आलं का पाणी?' नाव ऋतुजाने ठेवलं, कोड मी लिहिला.

मी अर्शिया, नववी ब. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'येस टीचर' म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच राहायचा. वर्गातल्या अर्ध्या मुलींना माझं नाव माहीत नव्हतं. आता मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलते. माइक हातात घेऊन! अम्मी म्हणते, "ही तीच मुलगी आहे का, जी दुकानात सुट्टे मागायला लाजायची?" तीच आहे. पण ही मुलगी एकटीने झाली नाही.

ऋतुजा आमच्याच मजल्यावर राहायची. त्यांची आणि आमची किचनची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते, समोरासमोर, मध्ये पाइप आणि कबुतरं. तिचे बाबा यवतमाळचे. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका फॅक्टरीत ते सुपरवायझर होते. ऋतुजा पुण्यात पाच वर्षं राहिली, पण तिच्या बोलण्याला पुणं चिकटलं नाही. माझ्या घरी अम्मी हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये ड्युटीवर, अब्बू बुधवार पेठेत आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात. शाळेतून आल्यावर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. म्हणून मी किचनमध्येच लॅपटॉप मांडून बसायची. खिडकी उघडी ठेवून.

"ऋतुजा! नवीन पाठवलंय, बघ!"

"थांब वं, पोळी लाटून राहिली!"

मग पोळी तव्यावर आणि फोन हातात, अशी ती माझं ॲप तपासायची. तपासायची म्हणजे छळायची. नंबर लिहायच्या जागी आजीचं नाव लिहायची. बटण दाबून लगेच नेट बंद करायची. तिच्या आईचा फुटक्या काचेचा जुना फोन होता, त्यावर उघडून बघायची.

"बटण धडाधड दहा वेळा दाबलं तर काय होते?" ती विचारायची.

"पण दहा वेळा दाबेल कशाला कुणी?"

"बापूराव दाबतीन. त्यांचा अंगठा पाह्यला का तू?"

आणि खरंच, बापूरावांनी पहिल्याच दिवशी बटण असं दाबलं, की जणू डोअरबेल बिघडली आहे आणि आत कुणी मेलं आहे. पण ऋतुजामुळे घंटा एकदाच वाजली.

सगळं छळून झालं, मी नवीन ॲप सगळ्यांसाठी चालू केलं, की उरायची शेवटची घंटा. ऋतुजा खरं निळं बटण एकदा दाबायची. तिचा फोन वाजायचा, माझा वाजायचा, आणि डक्टमधून आवाज यायचा, "चालून राहिलं वंऽऽ!" कबुतरं उडायची. खालच्या मजल्यावरच्या जयाकाकू ओरडायच्या, "अगं, काय चालून राहिलंय? इथे माझं बाळ झोपलंय!" मग आम्ही दोघी आपापल्या ओट्याखाली बसून हसायचो.

मे महिन्यात तिच्या बाबांची बदली झाली. गुजरातेत, साणंदला. सामानाचा टेम्पो गेला तेव्हा ती मागच्या रिक्षात होती. मला वाटलं होतं आपण रडू. पण तिने फक्त रिक्षातून अंगठा बाहेर काढून बटण दाबल्यासारखं केलं, आणि रिक्षा वळली. मी वर आले आणि सवयीने किचनमध्ये बसले. समोरच्या खिडकीला आतून पेपर लावलेला होता.

सुरुवातीला काही बदललं नाही. मी नवीन काही केलं की तिला व्हॉट्सॲपवर पाठवायची, ती तिकडे छळायची आणि फोन करायची. फोन ॲपसाठी असायचा, पण ॲपचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं आणि बाकीचा तास तसाच उरायचा. तिकडच्या शाळेतलं गरम वारं, टिफिनमधला गोड वरणाचा प्रकार, बसमध्ये शेजारी बसणारी सलोनी.

मग तिची शाळा नीट सुरू झाली. क्लास लागले. मी दुपारी पाठवलेलं ती रात्री बघायची. मग दुसऱ्या दिवशी. दोन निळ्या टिक यायच्या आणि पुढे काहीच नाही. इकडे सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण काका मला लिफ्टमध्ये गाठायचे. काका बँकेतून रिटायर झालेत. ते कधीच आवाज चढवत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही.

"काय अर्शियाबाई, सी विंगची वेळ बदलणार होतात आपण. बदलताय, की आम्ही विंग बदलू?"

"काका, टेस्टिंग बाकी आहे. ऋतुजाकडे."

"साणंदला? वा. पाणी वाघोलीचं, तपासणी गुजरातची."

एका रविवारी शहेजादभाई आला. तो माझ्या मामांचा मुलगा, खराडीत आयटी कंपनीत आहे. मी सोफ्यावर फोन हातात घेऊन बसले होते.

"काय करतेस?"

"टेस्टिंग."

"फोनकडे टक लावून?"

मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की अम्मी बाहेर आली. "अगं वेडे, प्रत्येक वेळी हाताने? कोण हो म्हणतंय याची वाट बघत? पाइपलाइन लाव. तू कोड लिहायचा आणि पाठवून द्यायचा, बस. ॲप बांधणं, तपासणं, सर्व्हरवर चढवणं, सगळं मशीन आपलं आपण करतं. आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी होतं. कुणी कुणाला फोन करत नाही."

मला हे कळायला वेळ लागला, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी किचनमध्ये चक्क नाचले. अम्मी सकाळी जाताना मला सांगून जाते ना, आधी डाळ धू, मग कुकर लाव, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, शिट्टी झालीच नाही तर पुढे काही करू नकोस, मला फोन कर. पाइपलाइन म्हणजे अगदी तेच, फक्त मशीनला सांगून ठेवायचं. आधी ॲप बांध. मग तपास. तपासणीत नापास झालं तर तिथेच थांब आणि लाल फुली दाखव. पास झालं तर सगळ्यांसाठी चालू कर आणि हिरवी टिक दाखव.

सांगायला सोपं! पहिला आठवडा माझ्या स्क्रीनवर लाल सोडून दुसरा रंग नव्हता. ओळीच्या आधी एक जागा कमी सोडली, लाल. फाइलचं नाव चुकलं, लाल. माझ्या लॅपटॉपवर चालतंय आणि तिकडे मशीनवर चालत नाही, लाल. पण मला मज्जा येत होती, खोटं कशाला सांगू. शाळेच्या व्हॅनमध्ये बसल्या बसल्या एकदम सुचायचं की कुठे चुकलं असेल, आणि घरी येईपर्यंत पाय थांबायचे नाहीत. गेल्या वर्षीची मी असते तर दुसऱ्या लाल फुलीला लॅपटॉप मिटून ठेवला असता. आता प्रत्येक फुली मला म्हणायची, बघ, इथे. आणि मी बघायची.

तपासायचं काय, हे मात्र मला शोधावं लागलं नाही. ऋतुजाने जे जे केलं होतं ते ते मी आठवून मशीनला शिकवलं. प्रत्येक टेस्टला नाव द्यावं लागतं. मी ही दिली: 'ऋतुजा खूप वेळा दाबते'. 'ऋतुजा नंबरच्या जागी आजी लिहिते'. 'ऋतुजा मध्येच नेट बंद करते'. 'ऋतुजा आईच्या फोनवर उघडते'.

आणि एका संध्याकाळी सगळं हिरवं झालं. वरून खाली, एकेक ओळ. ऋतुजा खूप वेळा दाबते, पास. ऋतुजा मध्येच नेट बंद करते, पास. मी खुर्चीवरून उडी मारली आणि खिडकीशी जाऊन जोरात ओरडले, "हिरवं झालं!"

एक कबुतर उडालं. समोरच्या खिडकीला आता नवीन भाडेकरूंची जाळी होती, आत दिवा होता. कुणीतरी आतून खिडकी ओढून घेतली.

अम्मी आल्यावर मी तिला स्क्रीन दाखवली. तिने पर्स न काढताच बघितली. "माशाल्ला. खूप छान. हे काय आहे?" मी सांगायला लागले. तिने डोळे मिटून ऐकलं, आणि मी मध्येच थांबले तरी तिला कळलं नाही, कारण ती झोपली होती. दिवसभर उभी असते ती. अब्बूंना दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता तुला काही करावं लागत नाही?" मी म्हणाले, "तसंच!" ते म्हणाले, "मग अभ्यास कर."

म्हणून मी ऋतुजाला फोन केला. हे कळणारी जगात तीच एक होती.

"ऋतुजा! तुला आता काही तपासावं लागणार नाही! सगळं मशीन करतं! तू जे जे करायचीस ते सगळं मी त्यात घातलंय. आजीचं नावसुद्धा! एका मिनिटात होतं. तुझी कटकटच संपली!"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"सगळंच करते?" तिने विचारलं.

"सगळंच!"

"बरं झालं मंग," ती म्हणाली. "माहे क्लास बी लागले हायेत. सलोनी बोलावून राहिली, ठेवू?"

तिने ठेवला. एवढा छोटा फोन आमचा कधीच झाला नव्हता. मला वाटलं, घाईत असेल.

पुढच्या दोन आठवड्यांत सी विंगची वेळ बदलली, टँकर उशिरा आला तर कळवायची सोय आली, म्हातार्‍या माणसांसाठी अक्षरं मोठी झाली. गोपाळकृष्ण काका लिफ्टमध्ये म्हणाले, "अरे वा. साणंदशिवाय चाललंय की." मी हसले. ते माझं कौतुकच होतं. पण ऋतुजाचा फोन आला नाही. मी 'कशी आहेस' पाठवलं, तर एक अंगठा आला. 'सलोनी कशी आहे' पाठवलं, तर हसरा चेहरा. मला तिला फोन करायचा होता, पण सांगायचं काय? पूर्वी काहीतरी बिघडलेलं असायचं. आता काहीच बिघडत नव्हतं.

खरं सांगते, मी काही वेळा काहीच बदल नसताना पाइपलाइन चालवायची. तिचं नाव ओळीने येताना बघायला. ऋतुजा आईच्या फोनवर उघडते, पास. मशीनचं बरं असतं. त्याला क्लास नसतात.

आणि मग मला वाटलं, शेवटची घंटा राहिली! बाकी सगळं मशीन करतं, पण ॲप सगळ्यांसाठी चालू झाल्यावर एकदा खरं निळं बटण दाबून बघायची ती पायरी मी घातलीच नव्हती. मग मी तीही घातली. आता मशीन शेवटी स्वतःच बटण दाबणार, माझा फोन वाजणार, आणि मला कळणार की चालतंय.

शनिवार होता. शाळा अर्धी होती. मी टँकरच्या चित्राचा रंग बदलला आणि पाठवून दिलं. बांधलं, हिरवं. तपासलं, हिरवं. चढवलं, हिरवं. शेवटची पायरी. टणटणटण! माझा फोन वाजला. मी दोन्ही हात वर केले.

मग खालून वाजलं. मग वरून. मग बाजूने. मग अख्खी डक्ट वाजायला लागली, जणू पाइपाच्या आत कुणी घंटा ओतल्या आहेत. 'पाणी सुटलं, भरून घ्या.' सगळ्या विंगमधल्या सगळ्या घरांत.

बादल्यांचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. जिन्यात चपला. कुणीतरी ओरडलं, "अहो, टॉवेल तरी गुंडाळा!" सगळीकडे नळ फिरवल्याचा आवाज, आणि त्या नळांतून फक्त हवा. फुस्स. जयाकाकू डक्टमधून ओरडल्या, "कुठे आहे गं पाणी? बाळाला तसंच साबण लावून ठेवलंय!"

एवढ्यावर भागलं असतं तर लोक हसले असते. पण शनिवारी लोक बाहेर जातात. कित्येकांनी नळाखाली बादली लावली, नळ तसाच उघडा ठेवला, चार शब्द माझ्या नावाने बोलले आणि दार ओढून निघून गेले. संध्याकाळी खरा टँकर आला. बापूरावांनी बटण दाबलं. घंटा वाजली, आणि घरी असलेल्या एकानेही जागचं हलायचं नाव घेतलं नाही. "पोरीचा खेळ चाललाय," म्हणाले. पाणी बंद घरांतल्या उघड्या नळांतून वाहून गेलं. एका फ्लॅटचं कार्पेट दुसऱ्या दिवशी गॅलरीत वाळत होतं. सगळ्यांना दिसेल असं.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. माइक माझ्या हातात दिला. तोच माइक, पण वजन वेगळं वाटलं.

"आधी अभिनंदन," गोपाळकृष्ण काका म्हणाले. "आजवर पाणी असून नळाला येत नसे. काल नसताना आलं. प्रगती आहे."

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. मी म्हणाले, "काका, मशीनने शेवटचं बटण दाबलं. ते दाबायचंच होतं. ऋतुजा पण दाबायची, प्रत्येक वेळी. तेव्हा असं कधी झालं नाही. का ते मला माहीत नाही."

"माहीत नाही," काका म्हणाले. ते चष्मा पुसत होते. "मग जिला माहीत आहे तिला विचारा की. तोपर्यंत घंटा बंद. बापूराव, शिट्टी शोधा."

बापूराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिट्टी हाय की. खिशातच हाय."

मी वर आले. किचनमध्ये बसले. ॲप गेलं तर गेलं, ते मी परत केलं असतं. पण फोन हातात घेतला तेव्हा माझा अंगठा तिच्या नावावर थांबला. इतक्या दिवसांनी फोन करायचा, तो पण काम पडलं म्हणून? आणि तिने अंगठाच पाठवला तर? मला घंटेपेक्षा त्याची भीती वाटत होती. तिने उचललाच नाही तर मी पुढे कुणाला हिरवं झालेलं सांगणार होते?

तिने उचलला.

"बोल."

मी सगळं सांगितलं. टॉवेल, साबण, कार्पेट. पलीकडून एक विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं नेटवर्क गेलं. ती हसत होती. श्वास न घेता हसत होती.

"अवं बाप्पा! सराव काऊन नाई दाबला तू?"

"काय?"

"सराव! कोपऱ्यातलं लहान बटण. तूच तं करून देल्लं होतं मले, आठवीत. ते दाबलं का मंग निळ्याची घंटा फक्त तुया अन् माह्या फोनवर वाजते. मी दर खेपेले आधी ते दाबत होती, मंग निळं."

मला आठवलं. तिने हट्ट धरला होता आणि मी कंटाळून पाच ओळी लिहून दिल्या होत्या. मला ते बटण कधीच लागलं नाही, कारण शेवटची घंटा कधीच मी वाजवली नाही.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"तुनं इचारलं कधी?" हसणं थांबलं होतं. "तू तं म्हणाली सगळंच मशीन करते. मंग मी काय सांगू? आजी बी घातली, आईचा फोन बी घातला. मले वाटलं, चला, आपली सुट्टी झाली."

"मला वाटलं तुला त्रास होतो. तुझे क्लास, सलोनी..."

"सलोनी माही मैत्रीण नाही वं. बसमध्ये तिच्या बाजूची सीट खाली होती, इतकंच. ती तिच्या पोरींशी गुजरातीत बोलते, मी खिडकीतून पाहते. वर्गात मराठी बोलाले कोणी नाई. तुहं टेस्टिंग आलं का मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी पाहो. लवकर पाह्यलं का लवकर संपते म्हणून."

डक्टमध्ये कुणाचा तरी मिक्सर चालू होता. दोन निळ्या टिक आणि पुढे काहीच नाही, त्या दिवसांत मी इकडे रागावून बसले होते.

"ऋतुजा, परत येशील?"

"कुठं? तिकीट कोण काढते?"

"पाइपलाइनमध्ये."

शहेजादभाईने मागे एकदा सांगितलं होतं, पाइपलाइनमध्ये अशी एक पायरी ठेवता येते की मशीन तिथे येऊन थांबतं. आपण ठरवलेल्या माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या वेळी तिथे लाल नाही, हिरवं नाही, एक पिवळा गोल फिरत असतो. मी ती पायरी घातली, ॲप चढवण्याच्या आणि शेवटच्या घंटेच्या आधी. माणसाचं नाव लिहायचं होतं तिथे तिचं लिहिलं. तिने साणंदहून 'हो' म्हटलं तरच पुढे.

सरावाचं बटण मी आता मशीनलाही शिकवलं आहे. म्हणजे खरं बघितलं तर त्या पायरीची गरजच उरलेली नाही. शहेजादभाईला ते एका नजरेत कळलं. "सराव लावलास ना? मग माणूस कशाला मध्ये?" मी म्हणाले, "राहू दे." तो म्हणाला, "याने उशीर होईल." मी म्हणाले, "होऊ दे." गोपाळकृष्ण काकांना मात्र ती पायरीच आवडली. "म्हणजे शेवटी साणंदलाच विचारायचं. बरं. निदान जबाबदार व्यक्ती आहे." घंटा परत चालू झाली. बापूरावांनी शिट्टी अजून खिशात ठेवली आहे.

पहिल्यांदा ती पायरी चालली त्या दिवशी मी शाळेतून येऊन किचनमध्येच बसले होते. पिवळा गोल दुपारभर फिरत होता. तिची बस पाचला घरी पोचते. पाचनंतर तो एकदम हिरवा झाला, आणि टणटणटण! अख्ख्या सोसायटीत फक्त माझा फोन वाजला. मी सवयीने उठून खिडकीशी गेले आणि थांबले. तिकडे, कुठल्यातरी किचनमध्ये, तिचा वाजला असेल. ती ओरडलीही असेल. तिच्या घराबाहेर डक्ट आहे की रस्ता, मी तिला विचारलंच नव्हतं.

अम्मी आत आली. "कुणाला शोधतेस?"

"कुणाला नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी तासभर बोललो. पुढच्या वेळी अर्धा तास. आता सहामाही आली आहे, दोघींचीही. काही वेळा ती हो म्हणते आणि फोन करत नाही, फक्त घंटा वाजते. काही वेळा गोल दोन-दोन दिवस पिवळा राहतो. काका लिफ्टमध्ये मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. ही पायरी काढून टाकायला एक ओळ पुसावी लागेल. मला कुठली ते पाठ आहे.

काल मी टँकरचं चित्र सरळ केलं. ऋतुजाला ते पहिल्यापासून तिरकं वाटायचं, आणि मी म्हणायची, नाहीये तिरकं. परवा नीट बघितलं तर होतं थोडंसं. सरळ करून पाठवून दिलं आहे. बांधलं, हिरवं. तपासलं, हिरवं. ऋतुजा खूप वेळा दाबते, पास.

कालपासून पिवळं आहे. आत्ता साडेपाच होत आलेत. मी भूमितीचं पुस्तक उघडून किचनमध्ये बसले आहे, लॅपटॉप शेजारी, खिडकी उघडी.